सुकवून मोजलेली काठी

हमीदभाई तांबोळ्यांच्या घरचा पापड भर आषाढात कुरकुरतो, ही कान्ह्यातल्या बायकांची जुनी पोटदुखी आहे. इतरांच्या घरी मिठाला पाझर फुटलेला, काडेपेटीनं मान टाकलेली, कोपऱ्यातल्या चपलांना हिरव्या मिशा आलेल्या. आणि तांबोळ्यांकडं कुणी पापड मोडला की तीन घरं पलीकडं ऐकू जातं. जैतुनबींना कारण विचारलं तर त्या पदर सावरत नवऱ्याकडं बोट दाखवतात. "ह्यांना इच्यारा. आमच्या घरात बाप्या न्हाई, ऊन नांदतंय."

खोटं नाही ते. हमीदभाईंना ओल सोसत नाही. डाळ-तांदळाच्या डब्यात त्यांनी कसल्याशा पुरचुंड्या बांधून ठेवल्यात, कपड्यांच्या कपाटात बल्ब लावलाय, आणि पाहुणा भिजून आला तर त्याला आधी पाणी विचारायचं सोडून पंखा विचारतात. चोपन्न वर्षांचा हाडकुळा माणूस. भुवयांवर कायम पांढरी धूळ. गावानं नाव ठेवलंय 'मायक्रॉनभाई', आणि त्यांच्या ह्या सुकवायच्या खोडीवर गाव पोटभर हसत आलंय. ह्या आषाढातला एक शनिवार उजाडेपर्यंत हसलं. त्यानंतर कुणी तो विषय काढत नाही.

मूळचा माणूस फरशीवाला. लोणावळ्यातल्या बंगल्यांच्या फरश्या वीस वर्षं घासल्या. तुंगार्लीकडच्या एका जुन्या बंगल्यात हॉल घासून दिला तेव्हा मालकीणबाईंनी फरशीवर काचेची गोटी ठेवली. गोटी जागची हलली नाही. त्या रेणुका मॅडम. पुण्यातली प्राध्यापकी सोडून वडिलांच्या बंगल्यात प्रयोगशाळा काढायला निघालेल्या.

"हमीदभाई, रुपयाएवढी चकती इतकीच सपाट करून द्याल?"

"रुपयाएवढी? मॅडम, मी हॉल घासणारा माणूस."

"पगार हॉलचाच देईन."

ह्याला अकरा वर्षं झाली. बंगल्यावर पाटी लागली: 'पदार्थांच्या परावैद्युत गुणधर्मांचे टेराहर्ट्झ मापन'. पोस्टमन ती वाचून दोन वर्षं मॅडमची पत्रं शेजारच्या डॉक्टरांकडं टाकत होता.

गोष्ट तशी अवघड नाही. प्लास्टिक, काच, चिनीमाती असल्या वस्तू वीज वाहू देत नाहीत, पण विजेच्या लाटेला आत शिरू देतात. शिरलेल्या लाटेला ती वस्तू किती रेंगाळायला लावते आणि किती गिळून टाकते, एवढं मोजायचं. लाट कुठली? तर रेडिओच्या लाटांहून बारीक आणि उजेडाच्या लाटांहून जाड, सेकंदाला लाख कोटी वेळा थरथरणारी, म्हणून टेराहर्ट्झ. दोन गावांच्या शिवेवर घर बांधलेल्या माणसासारखी तिची गत, दोन्ही ग्रामपंचायती आपली म्हणत नाहीत. आधी यंत्राची पेटी रिकामी ठेवून लाट सोडायची. पडद्यावर एक उंच शेंडा उठतो. मग मध्ये चकती ठेवायची. शेंडा जरा उशिरा येतो आणि जरा बुटका येतो. किती उशिरा, किती बुटका आणि चकती किती जाड, ह्या तिन्हींतून आकडा निघतो. जाडीत चूक झाली की आकडा खोटा. म्हणून हमीदभाई प्रत्येक चकती नऊ ठिकाणी मोजतात, मायक्रॉनपर्यंत, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागापर्यंत. एकदा त्यांनी जैतुनबींच्या भाकरीलाही कडेला जाड, मध्ये पातळ असा शेरा मारला होता. त्या दिवशी त्यांना ना जाड भाकरी मिळाली ना पातळ.

आणि ह्या लाटेचं पाण्याशी हाडवैर. पाण्याचा नुसता वास लागला तरी पाणी तिला गिळतं. हवेतली वाफसुद्धा शेंड्याचे लचके तोडते, म्हणून पेटीत कोरडी हवा सोडतात. असलं पाण्याला भिणारं यंत्र मांडलं कुठं, तर लोणावळ्यात! हमीदभाईंनी त्यावर तोड काढली. नमुना आला की आधी ओव्हनमध्ये. उन्हाळ्यात एक दिवस, पावसाळ्यात तीन. मग कापणं, घासणं, मापं. आकडे आरशासारखे स्वच्छ यायला लागले. पुण्या-मुंबईच्या लोकांनी विचारलं, लोणावळ्यात बसून हे जमतं कसं, तर मॅडम सांगायच्या, "आमच्याकडे हमीदभाई आहेत." अहवालाच्या तळाला बारीक अक्षरांत 'नमुना सुकवून मोजला' असं छापलेलं असतं, आणि खाली 'नमुना तयार करणार' ह्या शब्दांपुढं त्यांची सही.

गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात एक काठीचा तुकडा आला. फायबरची नळी, वर केशरी रंग. वीजवाले ज्या काठीनं खालून उभं राहून वरच्या लाइनला हात घालतात, ती. पाठवणाऱ्या कंपनीला जाहिरातीत छापायला एक भारी नावाचा कागद हवा होता. नेहमीच्या पद्धतीनं तुकडा तीन दिवस ओव्हनमध्ये गेला, चकत्या निघाल्या, शेंडा ताठ उठला. लाट जवळजवळ गिळलीच नाही. मॅडम म्हणाल्या, "सुंदर माल आहे." हमीदभाईंनी सही केली.

चार महिन्यांनी त्यांचा शादाब घरी आला तो खांद्यावर तसलीच काठी घेऊन. शादाब त्यांचा एकुलता एक, पवनानगरला वीज कंपनीच्या कंत्राटावर वायरमन. सत्तावीस वर्षांचं पोर, लायबाशी लग्न होऊन वर्ष झालेलं. काठीवर चकचकीत स्टिकर होता, 'टेराहर्ट्झ तपासणीत अव्वल', आणि खाली मॅडमच्या प्रयोगशाळेचं नाव. असल्या बारा काठ्या त्यांच्या सेक्शनला आल्या होत्या. ट्रान्सफॉर्मरच्या वरच्या अंगाला फ्यूजची दांडी लोंबते, वायरमन तिला डीओ म्हणतात. अकरा हजार व्होल्टच्या लाइनवरची ती दांडी पाडायची आणि पुन्हा चढवायची, ती ह्या काठीनं. आजवर पोरं वाळका बांबू वापरत होती.

हमीदभाईंनी ती काठी घेऊन कान्हे स्टेशनच्या चहाच्या टपरीपर्यंत फेरी मारली. कुणी विचारलं नव्हतं, तरी सांगितलं. शादाबचा जोडीदार प्रदीप, भाजे गावचा, तोही वायरमन, त्या दिवशी टपरीवर होता. तो म्हणाला, "काका, आता तुमच्या सहीला धरून आमी अकरा हजाराला हात घालनार बगा."

"घाल बिनघोर," हमीदभाई म्हणाले. "नऊ ठिकाणी मोजलीय मी."

यंदाच्या आषाढात, एका शुक्रवारी, हमीदभाई यंत्राच्या पेटीत चकती धरायचा नवा चिमटा बसवत होते. चकती त्यात सरळ बसते का एवढंच बघायचं होतं. हाताशी काही नव्हतं. भांडी धुवायच्या मोरीवरची खिडकी मात्र वर्षभर एका केशरी तुकड्यानं अडकवून ठेवलेली होती. त्या काठीचाच उरलेला तुकडा. त्यांनी तो काढला, चकती कापली, घासली. नुसतं बसतंय का पाहायचं म्हणून सुकवली नाही. चिमट्यात लावून लाट सोडली.

पडद्यावर काही उठलं नाही.

त्यांनी चकती काढली. शेंडा ताठ. पुन्हा लावली. सपाट. कडेला नुसती एक सुरकुती, झोपलेल्या माणसाच्या चादरीसारखी. चिमटा चुकला असेल म्हणून त्यांनी टेफ्लॉनची ठेवणीतली चकती लावली. शेंडा जागेवर. मग केशरी चकती हातात घेऊन त्यांनी रुमालानं पुसली. रुमाल कोरडाच राहिला. बाहेरून थेंब नव्हता. जे होतं ते आत होतं. वर्षभर मोरीवरची ओल त्या काठीच्या कापलेल्या तोंडातून शिरली होती आणि आतल्या काचेच्या दोऱ्यादोऱ्यानं, दिव्याच्या वातीत तेल चढावं तशी, पार मध्यापर्यंत चढली होती.

चकती त्यांनी ओव्हनमध्ये टाकली. रात्री जेवणात लक्ष नव्हतं. जैतुनबींनी विचारलं, "पापडात काय खोट निगाली का आज?" त्यावरही हसले नाहीत. शनिवारी सकाळी कुलूप उघडल्या उघडल्या त्यांनी ती सुकलेली चकती लावली, आणि शेंडा उठला. ताठ. गेल्या वर्षीच्या अहवालातला आकडा जसाच्या तसा. सुंदर माल.

मग हमीदभाई स्टुलावर बसले ते बराच वेळ उठले नाहीत. काठी कोरडी असताना चांगलीच होती. खोटं काही नव्हतं, आकडाही नाही आणि सहीही नाही. फक्त मावळात काठी कोरडी कधी असते, हे कुणी मोजलं नव्हतं. लोणावळ्याची ओल आकड्यात येऊ नये म्हणून त्यांनी ती तीन दिवस भाजून काढली होती. आणि काठीला जगायचं होतं ते त्या ओलीतच.

मॅडम दहाला आल्या. त्यांनी दोन्ही आलेख शेजारीशेजारी ठेवले, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"आपण काठी सुरक्षित आहे असं कुठं म्हटलंय, हमीदभाई? सुकवून मोजली, असं स्पष्ट लिहिलंय आपण."

"लिहिलंय मॅडम. मुंगीच्या अक्षरात."

"ते स्टिकर त्यांनी छापलं. आपल्याला विचारलं नाही. आणि ही चकती वर्षभर मोरीवर होती. काठ्यांना दोन्ही टोकांना टोपणं असतात."

"शादाबच्या काठीचं खालचं टोपन शिमग्यातच पडलं. मीच चिकटपट्टी लावून दिली."

बाहेर पन्हळीतून पाणी धो धो पडत होतं. "मी आधी कंपनीशी बोलते," मॅडम म्हणाल्या. "घाईनं रिपोर्ट मागे घेतला तर उद्या आपल्याकडे नमुना कोण पाठवेल? ही प्रयोगशाळा बंद पडेल. सोमवारी बोलते. आज शनिवार आहे."

"व्हय," हमीदभाई म्हणाले. "आज शनिवारच हाय."

ते बाहेर आले आणि शादाबला फोन लावला. कव्हरेज क्षेत्राबाहेर. पुन्हा लावला, पुन्हा तेच. मग घरी लावला.

"शादाबचा फोन आलता का गं?"

"सकाळी आलता की," जैतुनबी म्हणाल्या. "ठाकूरसाईला लाइट न्हाई, तिकडं चाललोय म्हनला. का हो? त्याचा हात बरा हाय आता?"

"कसला हात?"

"उजवा. मुंग्या येत्यात म्हनत होता, पंदरा दिस झालं. काम करून आला की बोटं बधिर. मी म्हनलं हातावर झोपत असशील. नीलगिरीचं तेल दिलंय चोळाया."

हमीदभाईंनी फोन बंद केला नाही. तो हातातच राहिला, आणि त्यातून जैतुनबींचा आवाज किती तरी वेळ "आवो? आवो?" करत राहिला.

लोकल पकडून ते कामशेतला उतरले आणि पवनानगरच्या वडाप जीपमध्ये शिरले. जीपमध्ये अकरा माणसं, दोन कोंबड्या आणि पुण्याची चार पोरं, अंगावर पिवळे रेनकोट, तोंडात गाणी. पुढच्या सीटवर काले गावच्या शकुबाई होत्या, मासळीची रिकामी पाटी मांडीवर घेऊन. त्या ड्रायव्हरला म्हणाल्या, "लाइट न्हाई तर तंबूवाल्यांचं कोंबडं थंड पडंल की रे!"

"तंबूवाले वायरमनला भाजतील मावशी," ड्रायव्हर म्हणाला. "सकाळपास्नं शंभर फोन झालं. पोरं गेलीत दोगं. पावसातच चढलीत."

जीप हसली. हमीदभाईंनी खिडकीच्या काचेवरची वाफ बोटानं पुसली. ती पुन्हा आली. त्यांनी पुन्हा पुसली. तिकोन्याचा डोंगर ढगात मानेपर्यंत बुडालेला होता, आणि रस्त्याच्या कडेनं विजेच्या तारा थेंब गाळत जीपबरोबर पळत होत्या. ह्या रस्त्यानं ते किती तरी वेळा गेले होते, पण तारेखालून जाताना त्यांनी कधी वर पाहिलं नव्हतं. आज प्रत्येक खांब मोजला.

ठाकूरसाईच्या फाट्यापासून ते चिखलातून चालतच निघाले. ट्रान्सफॉर्मर धरणाकाठच्या उतारावर आहे. लांबूनच दिसलं. खाली जानूआबा, शादाबबरोबर काम करणारा म्हातारा मदतनीस, डोक्यावर खताची पिशवी घेऊन उभा. शेजारी छत्री धरून धरणाकाठच्या तंबूंच्या कॅम्पचा मालक राजेंद्र. आणि शादाब दोन्ही हातांनी केशरी काठी वर चढवत होता. काठीचं टोक दांडीपासून वीतभर राहिलं होतं.

हमीदभाई ओरडले. काय ओरडले ते त्यांनाही आठवत नाही. जानूआबा सांगतो, पोराचं नाव नव्हतंच त्यात, नुसता आवाज होता, कुणी विहिरीत पडल्यावर काढतात तसला.

शादाबनं काठी खाली घेतली. "अब्बा? तुमी हितं? अम्मीला काय झालं का?"

हमीदभाई तसेच चिखल तुडवत जवळ आले, काठी त्याच्या हातातून ओढली, चिखलात आडवी टाकली आणि सरळ तिच्यावर बसले. अंड्यावर कोंबडी बसते तसे.

"ह्ये काय आता?" राजेंद्र म्हणाला. "शादाब, तुजा बाप हाय का ह्यो? चाळीस गिऱ्हाइकं हायेत माज्याकडं. फ्रीज बंद, पंप बंद. उठवा ह्यांना!"

"अब्बा, उठा. पुसलीय मी काठी. कोरडी हाय."

"बाहेरनं कोरडी हाय," हमीदभाई म्हणाले. "आतनं भिजलीय. पार मधोमध."

"तुमची सही हाय तिच्यावर!"

"सुकवून सही केली, बाबा. तीन दिवस भाजली, मग सही केली. तू हिला तीन दिवस भाजून वापरतोस का?"

शादाब हसायला गेला, पण हसू अर्ध्यावर राहिलं. बापाच्या गालावरून पाणी ओघळत होतं, आणि बापानं ते पुसलं नव्हतं. ओल अंगावर ठेवून बसलेला बाप त्यानं जन्मात पाहिला नव्हता.

"हात दाखव," हमीदभाई म्हणाले.

"कशाला?"

"मुंग्या येत्यात त्यो हात."

शादाबनं हात पाठीमागं घेतला. तेव्हा जानूआबा खाली बसला. त्यानं डोक्यावरची पिशवी काढली आणि कुणाकडं न बघता बोलला. "मला बी येत्यात. जेष्ठापास्नं. धरली की चिमटा बसल्यावानी व्हतं. म्हनलं म्हातारा झालो, हातपाय गेलं. बोललो न्हाई. पोरं हसली असती."

"मला वाटलं मलाच येत्यात," शादाब हळूच म्हणाला.

पाऊस पडत राहिला. राजेंद्र काठीकडं पाहून दोन पावलं मागं सरकला.

"आता काय करायचं?" शादाबनं विचारलं. "काठी न्हाई, बांबू बी भिजलेला. परमिट घेतलं तर अक्खी लाइन बंद ठेवावी लागंल. तास जाईल, दोन जातील."

"जाऊ दे," हमीदभाई म्हणाले. "अंधारात कोन मरत न्हाई."

परमिट घेतलं गेलं. लाइन सबस्टेशनातूनच बंद झाली, शादाबनं ती तपासून जमिनीला जोडली, मग शिडीवरून काम केलं. तोवर शादाबनं सेक्शनच्या ग्रुपवर आवाज टाकला होता: केशरी काठी कुणी वापरू नका, ज्याच्या हातात असेल त्यानं खाली ठेवा. एकेक उत्तर येत गेलं. कुणी अंगठा पाठवला, कुणी विचारलं काय झालं, आणि तिघांनी लिहिलं की त्यांनाही चिमटा बसतो, पण त्यांना वाटलं पावसामुळं. पावसामुळंच बसत होता. साडेपाचपर्यंत अकरा काठ्या खाली ठेवल्या गेल्या होत्या.

बारावी प्रदीपकडं होती. त्याच्या नावापुढं मेसेज पोचल्याची खूण उमटत नव्हती.

"कुटं हाय त्यो?"

शादाबनं धरणापलीकडं बोट केलं. पाण्यापल्याडचा काठ धुरकट निळा झाला होता. तुंगचा सुळका ढगात होता, आणि त्याच्या पायाशी असायला हवेत ते मोरव्याचे, चावसरचे, तुंगवाडीचे दिवे नव्हते. अख्खा काठ आंधळा. "तिकडची लाइन दुपारी गेली. एकटाच गेलाय. तीन ट्रान्सफॉर्मर हायेत."

तिकडची लाइन दुसऱ्या सबस्टेशनवरून येते. तिथला फोन शनिवार संध्याकाळी कॅम्पवाल्यांच्या शिव्या खाण्यात गुंतलेला. जानूआबाला ठाकूरसाईतच बसवलं, सबस्टेशनचा फोन लागेपर्यंत लावत राहा, लाइन बंद करायला सांग म्हणून. शादाब प्रदीपचा नंबर फिरवत होता, हमीदभाई पलीकडं बघत होते.

मध्येच त्यांचा फोन वाजला. त्यांनी घाईनं कानाला लावला. रेणुका मॅडम होत्या.

"हमीदभाई, मी दुसरी चकती कापायला घेतली. तुमच्यासारखी जमली नाही, पण पुरे झाली. शेंडा नाहीच." त्या थांबल्या. "रिपोर्ट मागे घेतलाय. कंपनीला, वीज ऑफिसला, सगळ्यांना पत्र गेलंय. खाली माझी सही आहे, माझ्या एकटीची."

"मेहेरबानी मॅडम. पन वाचनार कोन आज?"

मॅडमनाही ठाऊक होतं, आज शनिवार होता.

आणि तेवढ्यात पाण्यापल्याड मोरव्याचे दिवे लागले. एकदम, वीस-पंचवीस, ओल्या कापसात ठेवल्यासारखे. ठाकूरसाईच्या कॅम्पवरच्या पोरांनी तिकडचे दिवे पाहून शिट्ट्या मारल्या. दिवे लागले, म्हणजे काठी वर गेली होती.

शादाबचा फोन लागला.

"परद्या! परद्या, ऐक!"

"बोल की. दिसलं का उजेड? एकट्यानं केलं राव." प्रदीपचा आवाज वाऱ्यात फाटत होता. "जरा झटका बसला रे ह्या टायमाला. कोपरापतुर. काय न्हाई, झटकला हात."

हमीदभाईंनी फोन हिसकावला. "प्रदीप, काठी टाक. आत्ता टाक. म्या सांगतोय."

"कोन, काका? काय ऐकू येत न्हाई. तुमचीच काठी हाय, काळजी नगं. अजून दोन डीओ ऱ्हायलेत, चावसर आन् तुंगचा. उरकतो अंधाराच्या आत, मग चहा—"

रेंज गेली.

शादाबनं मोटरसायकलला लाथ मारली. ती दुसऱ्या लाथेला सुरू झाली. हमीदभाई मागं बसले. छत्री घेतली नाही, टोपी कुठं पडली त्याची शुद्ध नाही. धरणाला वळसा घालून जायला पाऊण तास, पावसात तास. रस्ता प्रत्येक वळणावर पाण्यापासून दूर जात होता आणि पुन्हा काठाला येत होता, आणि काठाला आला की बाप पोराच्या खांद्यावरून मान काढून पलीकडं बघत होता.

तिकोना पेठेत पोचले तेव्हा पाण्यापल्याड चावसर अजून अंधारात होतं.

जवणच्या पुढं चढावर गाडी घसरली, सावरली. शादाब म्हणाला, "अब्बा, नीट धरा." बापानं पोराचा उजवा हात, मुंग्या येणारा, कोपराजवळ घट्ट धरला होता, ते काही नीट धरणं नव्हतं.

मोरव्याच्या वळणावर पाणी पुन्हा उघडं पडलं. चावसरचे दिवे लागलेले होते. फोन लावला तर वाजत होता. पूर्ण वाजून बंद झाला. पुन्हा लावला, पुन्हा पूर्ण वाजला.

"उचलत न्हाई," शादाब म्हणाला.

"काठी दोनी हातांनी धरावी लागती," हमीदभाई म्हणाले. "फोन कसा उचलंल?"

तुंगवाडीच्या बाजूला अजून काळोख होता, आणि शादाबनं गाडी त्या काळोखाकडं सोडली. मागं बसलेला, पंचक्रोशीत ऊन म्हणून नांदलेला तो माणूस डोळ्यांची पापणी न हलवता समोर बघत राहिला, आणि आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या गावात दिवा लागू नये म्हणून दुवा मागत राहिला.